झिंक सल्फेटच्या पिशवीत जस्त आहे का?
धातू ओळखण्याच्या रासायनिक कसोट्या



सुरू लागणीच्या दिवसांतली गोष्ट आहे. आपल्या गटातले एक जुने सभासद कारखान्याच्या प्रयोगशाळेत आले. त्यांना आबा म्हणू. एका हातात उसाची चार पाने, दुसऱ्या हातात कागदाची पुडी. पुडी टेबलावर ठेवून म्हणाले, "साहेब, माती तपासली तेव्हा तुमच्याच कागदावर जस्त कमी म्हणून लिहिलं होतं. तुम्ही सांगितलं तेवढं झिंक सल्फेट घातलं. शेणखतात मुरवून घातलं. तरी पानाचे पट्टे जाईनात. आता तुमचा कागद चुकला का माझं रान चुकलं, एवढंच सांगा."

पानांवर शिरांलगत फिकट पट्टे होते, जस्ताच्या कमतरतेत असतात तसे. माती परीक्षणाची जुनी वही काढून पाहिली, आकडा बरोबर होता. राहता राहिली पुडी. पुडीत पांढरे, चमकदार, सुईसारखे खडे. पाहून कोणीही झिंक सल्फेटच म्हणेल. मीही तेच म्हणालो असतो, कारण डोळ्यांना दुसरे काही दिसतच नव्हते. परंतु सहायकाला सांगून दोन परीक्षानळ्या मांडल्या आणि दहा मिनिटांत उलगडा झाला. पुडीत जस्त नव्हतेच. होते ते मॅग्नेशियम सल्फेट.

ही दहा मिनिटे नेमकी कशात गेली, ते सांगण्यासाठी हा लेख. यातले काही आपणांस घरी करता येईल, काही प्रयोगशाळेतच करावे लागेल. आणि यात मी स्वतः एकदा कसा चुकलो, तेही पुढे येणार आहे. ते लपवून उपयोग नाही.

आधी थोडी पायाभूत माहिती. मीठ, हिराकस, मोरचूद, झिंक सल्फेट हे सर्व क्षार. क्षार पाण्यात विरघळला की त्याचे दोन भाग अलग होतात. एक धातूचा भाग, त्यावर धन विद्युतभार असतो, आणि दुसरा त्याचा जोडीदार, त्यावर ऋण भार. भार असलेल्या या कणाला आयन म्हणतात. आमच्या वेळच्या शाळेच्या पुस्तकात याला मूलक म्हणत असत. पाण्यात गेलेला जस्ताचा आयन जस्तासारखा दिसत नाही, मॅग्नेशियमचा मॅग्नेशियमसारखा दिसत नाही. दोन्ही पाण्यात निवळशंख. तेव्हा नुसते बघून भागत नाही, त्याला प्रश्न विचारावा लागतो. हा प्रश्न म्हणजे दुसरे एखादे रसायन. ते घातले की एखादा धातू साका धरतो, एखादा रंग बदलतो, एखादा गप्प बसतो. 'कोणता धातू आहे' हे अशा उत्तरांवरून ठरविणे म्हणजे गुणात्मक विश्लेषण. 'किती आहे' हा प्रश्न निराळा. तो परिमाणात्मक विश्लेषणाचा.

हे काही तरी कॉलेजातले, आपले नव्हे, असे समजण्याचे कारण नाही. द्राक्षबाग असलेल्या सभासदांनी बोर्डो मिश्रण करताना घासून लख्ख केलेला विळा त्यात बुडवून पाहिलाच असेल. थोड्या वेळाने पात्यावर तांबूस थर चढला तर आपण म्हणतो, चुना कमी पडला, अजून घाला. तो तांबूस थर खरोखरीच तांबे असतो. मोरचुदातले तांब्याचे आयन चुन्याने बांधले गेले नसतील तर ते लोखंडावर येऊन बसतात आणि लोखंड त्यांच्या बदली पाण्यात जाते. ही तांब्याच्या आयनाची कसोटीच झाली. तसेच बोअरच्या पाण्याचा चहा काळपट होतो तेव्हा घरातली बाई सांगते, या पाण्यात लोखंड आहे. तिचेही बरोबर. चहातला तुरट अंश आणि लोखंड मिळून काळा रंग येतो. पूर्वी हिरडा आणि हिराकस एकत्र करून शाई करीत, तीही याच गुणावर. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, म्हणजे पाणी जड, म्हणजे त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम फार. या सगळ्या कसोट्या आपल्या घरातल्याच आहेत.

आणि भेसळ पकडण्यासाठी ही विद्या वापरणे तर फारच जुने. इसवी सन ७७ च्या सुमारास रोममधील प्लिनी नावाच्या ग्रंथकाराने आपल्या निसर्गविषयक ग्रंथात एक युक्ती लिहून ठेवली आहे. त्या काळी तांब्याचा जंगाल औषधाला व रंगाला महाग विकला जाई, आणि व्यापारी त्यात स्वस्त हिराकस मिसळीत. प्लिनी सांगतो, मायफळाच्या रसात भिजविलेला पपायरसचा कागद घ्या, त्यावर जंगाल लावा. हिराकस मिसळलेला असेल तर कागद लगेच काळा होतो. रसायनाने भिजविलेल्या कागदावर धातू ओळखण्याची ही लिहून ठेवलेली सर्वांत जुनी कसोटी समजतात. म्हणजे जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीही गिऱ्हाईक आणि दुकानदार यांच्यात हाच प्रश्न होता. महाग क्षारात स्वस्त क्षार, दिसायला सारखेच.

आता आपल्या पुडीकडे वळू.

झिंक सल्फेट बाजारात दोन प्रकारचे मिळते. सात रेणू पाणी असलेले, ज्यात खत नियंत्रण आदेश, १९८५ प्रमाणे किमान २१ टक्के जस्त हवे, आणि एक रेणू पाणी असलेले, ज्यात किमान ३३ टक्के हवे. पिशवीवर तसे छापलेले असते. सात रेणूंचे झिंक सल्फेट आणि मॅग्नेशियम सल्फेट यांचे स्फटिक इतके सारखे की जुन्या जाणत्यालाही फसायला होते. मॅग्नेशियम सल्फेट पुष्कळ स्वस्त. भेसळ होते ती येथे. बरे, मॅग्नेशियम हे काही विष नाही, तेही पिकाचे अन्नच आहे. त्यामुळे भेसळीचे खत घातले तरी ऊस जळत नाही, काही होत नाही. आणि हीच त्यातली अडचण. काही झाले नाही म्हणून कोणी तक्रार करीत नाही. जस्ताची भूक मात्र तशीच राहते, आणि लागणीनंतरचे मोलाचे दिवस निघून जातात. पैसे गेले ते गेले, ते दिवस परत येत नाहीत.

दोघांना वेगळे पाडणारा गुण असा. जस्ताच्या द्रावणात कॉस्टिक सोड्याचे द्रावण थेंब थेंब घातले की पांढरा, पेजेसारखा साका धरतो. मॅग्नेशियमच्या द्रावणातही पांढरा साका धरतो. इथपर्यंत दोघे भाऊ. पण कॉस्टिक सोडा आणखी घालीत गेलो की जस्ताचा साका विरघळून जातो आणि नळी पुन्हा पाण्यासारखी स्वच्छ होते. मॅग्नेशियमचा साका कितीही कॉस्टिक घाला, जागचा हलत नाही. कारण जस्ताचे हायड्रॉक्साइड दुतोंडी आहे. आम्लातही विरघळते, तीव्र अल्कलीतही विरघळते. मॅग्नेशियमचे फक्त आम्लात.

रीत अशी. ५ ग्रॅम खत, म्हणजे साधारण एक लहान चमचा, १०० मिलिलिटर शुद्ध पाण्यात विरघळवावे. एक रेणू पाण्याचे खत सावकाश विरघळते, त्याला थोडा वेळ द्यावा. तळाशी माती-कचरा राहिला तर गाळून घ्यावे. त्यातले ५ मिलिलिटर काचेच्या नळीत घ्यावे. दुसरीकडे १० ग्रॅम कॉस्टिक सोडा १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून ठेवलेला असावा. प्रथम त्याचे चार-पाच थेंब टाकावेत आणि नळी हलवावी. पांढरा साका दिसेल. मग थोडे थोडे करीत ८-१० मिलिलिटरपर्यंत कॉस्टिक घालावे, दर वेळी हलवावे. नळी स्वच्छ झाली तर जस्त. गढूळच राहिली तर मॅग्नेशियम. पहिल्यापेक्षा बरीच स्वच्छ झाली पण पांढुरकी झाक शिल्लक राहिली, तर दोन्ही एकत्र असण्याचा संभव. आबांच्या पुडीची नळी पहिल्या थेंबाला पांढरी झाली ती शेवटपर्यंत पांढरी. शेजारी प्रयोगशाळेतल्या शुद्ध झिंक सल्फेटची नळी ठेवली होती, ती आबांच्या डोळ्यांदेखत निवळली. त्यांना काही समजावून सांगावे लागले नाही.

शेजारी खात्रीच्या मालाची नळी ठेवणे, ही सवय फार चांगली. एकटी नळी बघून माणूस आपल्याला हवे ते बघतो.

आता माझ्या चुकीची हकिकत. काही वर्षांपूर्वी एका गावच्या मेळाव्यात मी हीच चाचणी उत्साहाने करून दाखविली होती. सोबत प्रयोगशाळेचे पाणी नेले होते, पण ते पाणी कोणते हे सांगायचे राहिले. मला त्यात सांगण्यासारखे काही वाटलेच नाही. पुढच्या आठवड्यात तिथल्या एका तरुण सभासदाने घरी चाचणी केली. नळी निवळली नाही. चार जण पिशवी घेऊन दुकानात गेले, भर बाजारात त्या दुकानदाराला नको नको ते बोलले. तो बिचारा बिल दाखवीत होता, कंपनीचे नाव दाखवीत होता, कोण ऐकतो! दोन दिवसांनी नमुना माझ्याकडे आला. मी चाचणी केली, नळी आरशासारखी स्वच्छ. पुन्हा केली, पुन्हा स्वच्छ. मग त्या मुलाला विचारले, "पाणी कुठलं घेतलंस?"

"विहिरीचं. दुसरं कुठलं घेणार?"

त्यांची विहीर चुनखडीच्या पट्ट्यात. पाणी इतके जड की घागरीला आतून पांढरा थर. अशा पाण्यात मुळातच कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट विरघळलेले असते. त्यात कॉस्टिक पडले की मॅग्नेशियमचे हायड्रॉक्साइड आणि चुन्याचे कार्बोनेट यांचा गढूळपणा धरतो. खतातले जस्त निवळले होते. गढूळ राहिली होती ती विहीर!

मी त्या दुकानदाराकडे स्वतः गेलो आणि चूक माझी आहे असे सांगितले. त्याने चहा दिला, पण तो म्हणाला ते लक्षात राहिले आहे. "साहेब, तुम्ही आलात ते बरं केलंत. पण त्या दिवशी बाजारात जेवढी माणसं होती तेवढी आज नाहीत." याला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

म्हणून आता मी चाचणी दाखविताना सुरुवात तिसऱ्या नळीपासून करतो. जे पाणी वापरणार तेच पाणी, काही न मिसळता नळीत घ्यायचे आणि त्यात तेवढेच कॉस्टिक घालायचे. याला कोरी चाचणी म्हणतात. कोरी नळी गढूळ झाली तर त्या पाण्यावर पुढची चाचणी करूच नये. ऊर्ध्वपातित पाणी, म्हणजे बॅटरीत घालावयाचे पाणी, पेट्रोल पंपावर किंवा बॅटरीच्या दुकानात मिळते. अगर पत्र्यावरून वाहून न आलेले, थेट स्वच्छ भांड्यात धरलेले पावसाचे पाणीही चालते. पत्र्यावरचे का नको? कारण गॅल्व्हनाइझ्ड पत्र्यावर जस्ताचाच मुलामा असतो.

कॉस्टिकची चाचणी उत्तम असली तरी तिलाही एक पळवाट आहे. ॲल्युमिनियमसुद्धा जस्तासारखेच दुतोंडी. तुरटी विरघळवून त्यात कॉस्टिक घातले तर आधी पांढरा साका आणि जादा कॉस्टिकमध्ये नळी स्वच्छ. म्हणजे कोणी तुरटीचा चुरा दिला तर ती या चाचणीत जस्त म्हणून पास होईल. तेथे अमोनियाचे द्रावण उपयोगी पडते. जस्ताचा पांढरा साका जादा अमोनियात विरघळतो, ॲल्युमिनियमचा विरघळत नाही, खळीसारखा तरंगत राहतो. मॅग्नेशियमचाही अमोनियात निवळत नाही. मग आम्ही प्रयोगशाळेत दोन्ही का करतो, हे ध्यानात आले असेल. एका साक्षीदारावर फैसला देऊ नये. (जाता जाता, ॲल्युमिनियमच्या पातेल्यात कॉस्टिकचे द्रावण करू नका, तेही याच दुतोंडी स्वभावामुळे. भांडे खाल्ले जाते आणि पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो.)

कॉस्टिक हाताळायला नको असेल तर डी.ए.पी.ची चाचणी अधिक निर्धोक आहे आणि ती गावोगाव सांगितलीही जाते. एक चमचा डी.ए.पी. १०० मिलिलिटर शुद्ध पाण्यात विरघळवून, निवळू देऊन, गाळून घ्यावे. झिंक सल्फेटच्या द्रावणात ते ओतले की लगेच दाट, दह्यासारख्या गुठळ्यांचा पांढरा साका येतो. तो झिंक फॉस्फेटचा. मॅग्नेशियम सल्फेटमध्ये तसा येत नाही. मात्र उत्तर लगेच पाहावे. नळी फडताळात ठेवून जेवून येऊ नये. कारण मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट एकत्र आले की सावकाश बारीक रवाळ साका धरू शकतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मॅग्नेशियम ओळखतात तेच मुळी या रवाळ साक्यावरून, तेही नळी काचकांडीने घासून घासून! म्हणजे जी गोष्ट अर्ध्या मिनिटात 'नाही' सांगते, तीच तासाभराने 'हो' म्हणू शकते. शिवाय यात जस्त-मॅग्नेशियमचे मिश्रण कळत नाही. थोडे जस्त असले तरी गुठळ्या येतातच. पूर्ण बनावट मालापुरती ही चाचणी चांगली. अर्धवट भेसळीला कॉस्टिकच हवे.

दोन-तीन सभासदांनी विचारले होते की चिलेटेड झिंकला ही चाचणी लागू आहे का. नाही. १२ टक्क्यांच्या चिलेटेड झिंकमध्ये जस्त हे ईडीटीए नावाच्या द्रव्याने खेकड्याच्या नांग्यांसारखे चहूबाजूंनी धरून ठेवलेले असते. ते मोकळे नसल्यामुळे कॉस्टिकने साका धरतच नाही. साका आला नाही म्हणून माल खोटा असे समजू नये. तो नमुना प्रयोगशाळेतच पाठवावा.

हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. चुनखडीच्या रानात खोडव्यावर केवडा पडतो, नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या, तेव्हा आपण याची फवारणी करतो. हिराकस ओळखणे सोपे. ताजे असेल तर फिकट हिरवे, कॉस्टिक घातल्यावर मळकट हिरवा साका, जो हवेत हळूहळू तपकिरी होतो. जुने, उघडे राहिलेले असेल तर त्यावर तपकिरी पूड चढलेली असते आणि कॉस्टिकने एकदम विटकरी साका येतो. लोखंड दोन रूपांत असते, फेरस आणि फेरिक. वेगवेगळी रसायने या दोघांना वेगवेगळी ओळखतात. पोटॅशियम थायोसायनेट टाकले की फेरिकला रक्तासारखा लाल रंग येतो. फेरसला पोटॅशियम फेरिसायनाइडने गडद निळा. धातू एकच, पण पिकाला तो सारखा नाही. आपल्या चुनखडीच्या जमिनीत फेरसचे फेरिक होते आणि ते मुळांना मिळत नाही. म्हणूनच केवडा पडलेल्या रानात लोखंड नाही असे नसते. लोखंड भरपूर असते, पण पिकाच्या कामाच्या रूपात नसते. तपकिरी पडलेले जुने हिराकस फवारण्यात काही अर्थ नाही तो यामुळेच. तेव्हा हिराकस घ्याल ते लागेल तेवढेच घ्या आणि पिशवीचे तोंड बांधून ठेवा. मँगेनीज सल्फेटचे लक्षण एका वाक्यात, पांढरट साका आणि तो हवेत तपकिरी होतो. मोरचुदात अमोनिया घातल्यावर जो गडद निळा रंग येतो तो एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही.

आता पोटॅशविषयी. पोटॅशियमला कॉस्टिकने साका येत नाही, सोडियमलाही नाही. या दोघांना रंगावरून पकडावे लागते, आणि तोही ज्योतीतला. स्वच्छ तार आम्लात बुडवून, खताचा कण तिला लावून निळ्या ज्योतीत धरावी. पोटॅशियमची ज्योत फिकट जांभळी, सोडियमची गर्द पिवळी, कॅल्शियमची विटकरी, तांब्याची हिरवी-निळी. दिवाळीतल्या शोभेच्या दारूत हेच रंग असतात. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये मिठाची भेसळ आहे का, हे पाहण्यासाठी 'पिवळी ज्योत आली की भेसळ' असे काही ठिकाणी छापलेले असते. माझ्या मते हे अर्धवट आहे. चांगल्या पोटॅश खतातही थोडे मीठ नैसर्गिकरीत्या असतेच आणि आदेशाप्रमाणे काही मर्यादेपर्यंत ते चालते. सोडियमचा पिवळा रंग तर असा दांडगट की चिमूटभर मिठाने, घामेजल्या बोटाने, उडालेल्या धुळीनेसुद्धा ज्योत पिवळी होते आणि बिचारी जांभळी छटा झाकली जाते. म्हणून प्रयोगशाळेत गडद निळ्या, कोबाल्टच्या काचेतून ज्योत पाहतात. ती काच पिवळा रंग अडविते, जांभळा येऊ देते. काचेतून जांभळे दिसले तर पोटॅशियम आहे एवढे नक्की. काहीच दिसले नाही तर मात्र नमुना संशयास्पद.

ज्योतीच्या या रंगांचे पुढे फार मोठे झाले. जर्मनीतील हायडेलबर्ग येथे बुन्सेन आणि किर्खोफ या दोघांनी ज्योतीचा प्रकाश लोलकातून पाहिला, तेव्हा प्रत्येक धातूच्या ठरावीक रंगरेषा दिसल्या. डोळ्यांना एकच पिवळा दिसतो, पण लोलक त्यामागचे सगळे वेगळे करून दाखवितो. १८६० साली एका झऱ्याच्या खनिज पाण्यात त्यांना कोणत्याच ज्ञात धातूच्या नसलेल्या निळ्या रेषा दिसल्या आणि सीझियम हे नवे मूलद्रव्य सापडले. त्याचा थोडासा क्षार हाती येण्यासाठी त्यांना ४० टनांच्या वर पाणी आटवावे लागले. आपल्या बॉयलिंग हाउसमधील मंडळींना या कष्टाची कल्पना येईल! पुढच्याच वर्षी, १८६१ मध्ये, रुबिडियम सापडले. आज मोठ्या प्रयोगशाळांत मातीतले जस्त-लोखंड ज्या यंत्रावर मोजतात, त्या यंत्राचे मूळ याच कामात आहे.

एखाद्या द्रावणात कोणते धातू आहेत हे काहीच ठाऊक नसेल तर काय करायचे? आपल्या मुलांपैकी कोणी बी.एस्सी. करीत असेल तर त्याला विचारा, तो सहा गटांची यादी म्हणून दाखवील. ही पद्धत पुस्तकरूपाने रूढ केली ती जर्मनीच्याच फ्रेझेनियस यांनी, १८४१ साली, वयाच्या अवघ्या २३ व्या वर्षाच्या आसपास. तिचे तत्त्व खळ्यावरच्या चाळण्यांचे आहे. आधी एका चाळणीने मोठे वेगळे करायचे, खाली पडले ते दुसऱ्या चाळणीत. प्रथम हायड्रोक्लोरिक आम्ल, त्याने शिसे, चांदी, पारा साका धरतात. मग आम्लात हायड्रोजन सल्फाइड वायू, त्याने तांबे व त्याचे सोबती. मग अमोनियाने लोखंड व ॲल्युमिनियम, मग अमोनियाच्या द्रावणात तोच वायू, त्याने जस्त, मँगेनीज, कोबाल्ट, निकेल. मग कार्बोनेटने कॅल्शियम, बेरियम. आणि सरतेशेवटी कशानेच न अडकलेले मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम. चाळण्यांचा क्रम मोडला की सारे एकात एक. तांबे काढायच्या आधीच अमोनियातला वायू सोडला तर तांबे आणि जस्त दोन्ही एकदम खाली बसतात, आणि पांढरा साका येण्याऐवजी काळा येतो. तो कुजक्या अंड्याच्या वासाचा वायू आणि तो देणारे किपचे उपकरण, आमच्या पिढीच्या कपड्यांतून तो वास आठवडाभर जात नसे. वायू विषारी आहे, म्हणून आता पुष्कळ ठिकाणी ते बंद झाले. हे योग्यच झाले.

आबांचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. आमच्या प्रयोगशाळेची चाचणी ही दिशा दाखविणारी चाचणी आहे. तिच्या कागदावर कोणावर कारवाई होऊ शकत नाही, आणि होऊही नये. आबांच्याकडे उघडलेली पिशवी होती. उघडलेल्या पिशवीतला नमुना कायद्याने टिकत नाही. कोणी तरी म्हणणारच की तुम्हीच बदलले. सुदैवाने त्यांच्याजवळ पावती होती आणि त्याच लॉट नंबरची एक बंद पिशवी भावाच्या घरी शिल्लक होती. पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार दिली. खत निरीक्षकाने रीतसर नमुना घ्यावा लागतो, त्याचे भाग सीलबंद होतात आणि एक भाग अधिसूचित प्रयोगशाळेत जातो. तेथे 'आहे का' एवढेच नव्हे तर 'किती टक्के आहे' हे ठरते. दरम्यान आबांनी आमच्या शेतकी खात्याच्या सल्ल्याने खात्रीच्या झिंक सल्फेटची फवारणी करून घेतली. नव्या पानांवर पट्टे नाहीत. जुन्या पानांवरचे जात नाहीत, ते जाणारही नाहीत.

तेव्हा सूक्ष्म अन्नद्रव्यांची पिशवी घेताना पक्की पावती घ्या, पावतीवर लॉट नंबर लिहून घ्या, आणि पिशवी उघडण्यापूर्वी शंका असेल तर ती तशीच बंद ठेवून आमच्याकडे या. चाचणीसाठी हवा तर उघडलेल्या दुसऱ्या पिशवीतला नमुना आणा. तीन-चार ठिकाणांहून थोडे थोडे घेऊन एकत्र केलेले ५० ग्रॅम पुरे. कोरड्या, स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिशवीत आणा. खताच्या रिकाम्या पोत्यात किंवा तंबाखूच्या डबीत नको (असेही आलेले आहेत).

घरी चाचणी करणाऱ्यांसाठी कॉस्टिक सोड्याविषयी शेवटचे. हा धुण्याचा सोडा नव्हे. याने कातडी सोलवटते आणि डोळ्यांत उडाला तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा आणि रबरी हातमोजे घाला. पाण्यात सोडा थोडा थोडा घाला, सोड्यावर पाणी ओतू नका, द्रावण तापून उसळते. लहान मुले जवळ नकोत, आणि उरलेले द्रावण पाण्याच्या जुन्या बाटलीत भरून ठेवण्याचा मोह तर मुळीच नको. डोळ्यांत उडालेच तर भरपूर स्वच्छ पाण्याने निदान पंधरा-वीस मिनिटे धुवा आणि तसेच दवाखान्यात न्या. ज्यांना एवढी व्यवस्था नाही त्यांनी डी.ए.पी.ची चाचणी करावी, नाहीतर नमुना घेऊन सरळ प्रयोगशाळेत यावे. नळी आपल्यासमोरच लावली जाईल. कोरी नळी आणि खात्रीच्या मालाची नळी शेजारी असेल.